श्वास मोजणाऱ्या मण्यांची कुळकथा

वॉर्डातल्या केसपेपरला टीपीआरचा तक्ता लावलेला असतो: ताप, नाडी, श्वास. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी हल्ली यंत्र सांगतं. श्वासाचा रकाना मात्र बऱ्याचदा सवयीनं भरला जातो. ओळीनं १८, २०, १८, २०. आजारी माणसं इतक्या शिस्तीत श्वास घेत नाहीत, हे सिस्टरलाही ठाऊक असतं आणि डॉक्टरलाही. पण मोजायचं म्हणजे खाटेशी मिनिटभर नुसतं उभं राहायचं, आणि चाळीस खाटांच्या वॉर्डात तेवढं मिनिट आणायचं कुठून?

घड्याळ लावून मोजण्याची रीत जुनी आहे. जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्यानं बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ करवून घेतलं आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला स्वतःला दमा होता. तरी त्याचं घड्याळ गाजलं ते नाडीसाठी. श्वासाला भाव मिळायला १९८० चं दशक उजाडावं लागलं, आणि तो मिळाला लहान मुलांमुळे. जिथे एक्स-रे नाही, डॉक्टर नाही, तिथे साधी सर्दी कोणती आणि न्यूमोनिया कोणता, हे ओळखायचं कसं? पापुआ न्यू गिनीत फ्रँक शॅन यांनी १९८४ मध्ये दाखवलं की श्वासाची गती मोजून ते बऱ्यापैकी ठरवता येतं. १९८८ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी हीच गोष्ट भारतातल्या मुलांवर तपासली. पुढे आकडे ठरले. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तेवढे किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका.

आकडा ठरला, पण मोजणार कोण? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे हाच पेच होता. आजारी मुलाच्या घरी आधी पोचते ती दाई. तिच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि साठपर्यंत सलग मोजणं अनेकींना जमण्यासारखं नव्हतं. दहापर्यंत मात्र सहज जमे. मग तिला जमतं त्यावरच साधन बेतलं. एका पट्टीवर मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी: एक दोन महिन्यांखालच्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्यांसाठी. घटिका उलटी करायची, बाळाचा अंगरखा वर सारायचा, पोटावर नजर ठेवायची. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, वेगळ्या रंगाचा मणी सरकला तर न्यूमोनिया. १९९२ मध्ये या साधनावर शोधनिबंध छापून आला.

त्याआधीच, १९९० मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोलीच्या प्रयोगाचे निष्कर्ष आले होते. गावातल्याच माणसांना, त्यांत दायाही आल्या, न्यूमोनिया ओळखायला आणि कोट्रायमोक्साझोल द्यायला शिकवलं होतं. त्या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू हजारी ८.१ होते, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत १७.५. परिचर्या पुराव्यावर आधारलेली हवी, असं नर्सिंग कॉलेजात आज शिकवतात. इथे तो पुरावा निरक्षर बायकांच्या बोटांतून उभा राहिला होता. मला त्या आकड्यांइतकीच ती मण्यांची पट्टी मोलाची वाटते. शहाणपण दाईच्या उंबऱ्यापाशी अडलं, तेव्हा दाईला नावं न ठेवता साधन बदललं गेलं.

‘सर्च’नं पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्या धर्तीवर घरोघरी जाऊ लागल्या.

मिनिट मात्र कुठेच कमी झालं नाही. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची युक्ती तान्ह्या बाळाला चालत नाही. ते भराभर श्वास घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. नेमका थांबा सापडला तर आजारी बाळ धडधाकट ठरतं, भरधाव तुकडा सापडला तर धडधाकट बाळ आजारी. रडताना किंवा अंगावर पिताना मोजायचं नाही. शांत होईपर्यंत थांबायचं. आणि दोन महिन्यांखालच्या बाळाचा आकडा ६० किंवा वर गेला, तर आणखी एक पूर्ण मिनिट मोजायचं. दुसऱ्यांदाही तसाच आला, तरच श्वास जलद धरायचा.