३७ तुकडे

आमच्या आईचा एक नियम होता. फुटकी काच घरात ठेवायची नाही. कप फुटला की कागदात गुंडाळून थेट बाहेर! लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलंड व्हाझसमोर उभा होतो, तेव्हा तिची फार आठवण झाली.

हा साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कलश. वीतभरापेक्षा जरासा उंच. गडद निळी काच आणि तिच्यावर दुधासारख्या पांढऱ्या आकृत्या. रंगवलेल्या नाहीत बरं का! निळ्या काचेचा गोळा वितळलेल्या पांढऱ्या काचेत बुडवायचा, दोन्ही एकत्र फुगवायच्या आणि गार झाल्यावर पांढरा थर कोरत बसायचं. दोन्ही काचा सारख्या आकसल्या नाहीत तर सगळंच तडकतं. इंग्लंडच्या जॉन नॉर्थवूडने तीन वर्षं खपून १८७६ मध्ये याची काचेतच नक्कल पुरी केली, तर तिलाही तडा गेला.

७ फेब्रुवारी १८४५ ला एका दारू प्यालेल्या तरुणाने तिथलंच एक दगडी शिल्प उचलून या कलशावर घातलं. दोनशेच्या आसपास तुकडे झाले. कायदा असा विचित्र की पाच पौंडांहून महाग वस्तू फोडल्याबद्दल शिक्षेची सोयच नव्हती! मग दंड झाला तो बाहेरच्या काचेच्या पेटीबद्दल, तीन पौंड. तोही कुणीतरी नाव न सांगता भरला. मालक पोर्टलंडच्या ड्यूकने तर पोराच्या घरच्यांना त्रास नको म्हणून दावाही लावला नाही. (मी लावला असता!)

जॉन डबलडे नावाच्या कारागिराने त्याच वर्षी कलश जोडला. पण ३७ बारीक तुकडे उरले. पुढे कुणीतरी ते एका पेटी बनवणाऱ्याकडे दिले. त्याने ३७ कप्प्यांची पेटी केलीसुद्धा, पण न्यायला कुणी आलंच नाही. ती पेटी म्युझियममध्ये परत आली १९४८ साली, म्हणजे शंभर वर्षांनी! त्या वेळच्या जोडणीत त्यातले तीनच बसले. बाकीच्यांतले बहुतेक १९८९ मध्ये, सगळा कलश पुन्हा सुटा करून जोडला तेव्हा जागेवर गेले.

शंभर वर्षं! आणि आमच्याकडे संध्याकाळपर्यंतसुद्धा नाही.

मी वाकून वाकून सांधे शोधत होतो. थोडे सापडले. मागच्या बाईंनी 'एक्सक्यूज मी' म्हटलं तेव्हा बाजूला झालो.