आभासी यंत्र आणि अलीकडील इतिहाससाधने : संगमेश्वरच्या निमित्ताने

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी व सावंतवाडी यांविषयीचा दहावा खंड १८८० साली छापला गेला. संगमेश्वरचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास तो आजही उघडून वाचता येतो. त्यास डोळे व इंग्रजीचे ज्ञान यांखेरीज दुसऱ्या साधनाची गरज नाही. शे-सव्वाशे वर्षांनी संगणकावर लिहिल्या गेलेल्या मराठी मजकुराची स्थिती मात्र निराळी आहे. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, १९९८ साली मार्ग पूर्ण झाला आणि संगमेश्वर रोड हे त्यावरील एक स्थानक बनले. नेमक्या याच दशकात मराठी लेखन-मुद्रणाचे काम झपाट्याने संगणकाकडे वळले. तालुक्याच्या जीवनात स्थित्यंतर घडत असतानाच त्याची नोंद ठेवण्याचे साधनही पालटत होते. त्या काळच्या फायली वाचावयाच्या तर पुष्कळदा जुनी विंडोज प्रणाली लागते. आणि ती चालेल असे यंत्र दुर्मिळ झाल्यामुळे तिला दुसऱ्या प्रणालीच्या पोटात, आभासी यंत्रात, चालवावे लागते. या खटाटोपात उद्भवणाऱ्या अडचणी केवळ तंत्रज्ञाच्या नव्हेत. त्या साधनचिकित्सेच्याही आहेत.

प्रथम लिपीचा प्रश्न पाहू. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९९१ साली भारतीय मानक म्हणून मान्य झाला. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. परंतु विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची सोय विंडोज २००० पासून झाली. तोवर, आणि नंतरही बराच काळ, मराठी मजकूर आठ-बिटी फाँटांत लिहिला जाई. या फाँटांत अक्षराचा नव्हे, तर आकाराचा संकेत साठविला जातो : ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, अर्धी अक्षरे निरनिराळ्या घरांत, आणि ही घरे प्रत्येक निर्मात्याची वेगळी. फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा अर्थहीन पसारा तेवढा दिसतो.

अशा मजकुराचे युनिकोडात रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. तरीही मूळ रूप पाहण्याची गरज संपत नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत भेद आहे तो केवळ रकाराच्या आकाराचा. रूपांतरात तो आकार चुकला, तर सह्याद्रीच्या पायथ्याच्या वर्णनात समुद्र शिरतो. पाठ निश्चित करावयाचा तर मूळ कार्यक्रम, मूळ फाँट व मूळ प्रणाली यांच्याशी तो ताडून पाहणे अवश्य ठरते.

आता यंत्राकडे वळू. आभासी यंत्राची कल्पना विंडोजहून जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स, येथील केंद्रात १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली चालू झाली. एकाच मोठ्या संगणकावर प्रत्येक वापरणाऱ्यास स्वतंत्र संगणकाचा भास व्हावा, हा तिचा हेतू होता. १९७२ साली व्हीएम/३७० आली. १९७४ साली पोपेक व गोल्डबर्ग यांनी या भासाची अट सूत्रबद्ध केली : यंत्राच्या स्थितीस स्पर्श करणारी प्रत्येक आज्ञा नियंत्रकाच्या हाती सापडली पाहिजे. इंटेलच्या प्रचलित प्रोसेसरांत ही अट पुरी होत नव्हती; पेंटियममधील अशा सतरा आज्ञा २००० साली दाखविण्यात आल्या. व्हीएमवेअरने १९९९ साली आज्ञांचे धावते भाषांतर करून ही उणीव भरून काढली. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरातच तशी सोय केली. २००७ साली लिनक्समध्ये केव्हीएम समाविष्ट झाले आणि व्हर्च्युअलबॉक्सही सार्वजनिक झाले.

हा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे अडचणींची संगती लागते. पाहुण्या प्रणालीस आपण खऱ्या यंत्राच्या स्वामी आहोत असे वाटते. तो भास जेथे अपुरा पडतो तेथे बिघाड होतो. विंडोज एक्सपीस सॅटा पद्धतीची तबकडी जोडली असता प्रारंभीच ७बी या संकेताची निळी पाटी येते, कारण तिच्या मूळ संचात त्या तबकडीचा चालक नाही. आयडीई पद्धत निवडली की ती मार्गी लागते. केव्हीएमखाली विर्टिओ तबकडी दिली, तर विंडोजच्या स्थापनेच्या वेळी तबकडीच दिसत नाही. तेथे चालकांची प्रतिमा वेगळी जोडावी लागते. विंडोज ९८ ला ५१२ मेगाबाइटांहून अधिक स्मृती दिल्यास ‘स्मृती अपुरी’ अशी विपरीत तक्रार ती करू शकते. तेथे औदार्य आवरणे हाच उपाय. चौसष्ट-बिटी पाहुणी प्रणाली मुळीच सुरू होत नसेल, तर प्रोसेसरातील उपरोक्त सोय बायोसमध्ये बंद आहे काय, हे आधी पाहावे.

मराठी मुद्रणाच्या काही जुन्या कार्यक्रमांबरोबर यंत्राला जोडावयाचे कुलूप येई. ते नसेल तर कार्यक्रम उघडत नाही. यूएसबी कुलूप यजमानाकडून पाहुण्याकडे सोपविता येते. लिनक्सवरील व्हर्च्युअलबॉक्समध्ये त्यासाठी वापरणाऱ्याचे नाव ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात असावे लागते. ते नसल्यास कुलूप जोडलेले असूनही पाहुण्यास दिसत नाही.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत घातक अडचण घड्याळाची होय, कारण ती बिघाडासारखी दिसत नाही. विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेचे मानते. अनेक नियंत्रक मात्र पाहुण्यास जागतिक वेळ देतात. परिणामी विंडोजचे घड्याळ साडेपाच तास मागे राहते. अशा यंत्रात पहाटे जतन केलेली फाईल आदल्या दिवसाची ठरते. शिवाय जुनी फाईल उघडून नुसती पुन्हा जतन केली तरी तिच्यावरील बदलाची तारीख नवी होते, आणि कालनिश्चितीचा एक पुरावा कायमचा नाहीसा होतो. यास्तव मूळ फ्लॉपी वा तबकडीची तंतोतंत प्रतिमा प्रथम करून घ्यावी, ती केवळ वाचनासाठी जोडावी, तारखांची यादी आधीच उतरवून ठेवावी, आणि काम प्रतीवर करावे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला असल्याने आभासी यंत्राचे जाळ्याशी असलेले नातेही तोडून ठेवणे इष्ट.

हा मार्गही सर्वकाळ खुला राहील असे नाही. २०२० पासून ॲपलने आपल्या संगणकांत आर्म पद्धतीचे प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला. त्यांवर जुनी विंडोज प्रत्येक आज्ञेचे अनुकरण करूनच, संथपणे, चालवावी लागते. कागदास वाळवी लागते हे दिसते तरी. प्रणाली कालबाह्य झाल्याने फाईल मुकी होते, तेव्हा तिचे अस्तित्व अबाधितच दिसत राहते. म्हणून संगमेश्वरसारख्या ठिकाणचा रेल्वेपूर्व व रेल्वेनंतरचा इतिहास लिहिताना फायलीच्या उल्लेखासोबत ती कोणत्या प्रणालीत, कोणत्या फाँटने व कोणत्या वेळेच्या मांडणीत वाचली, याची नोंद देण्याचा प्रघात पडला पाहिजे. हस्तलिखिताच्या वर्णनात कागद, शाई व वळण यांची नोंद जितकी आवश्यक, तितकीच हीही आवश्यक होय.