रोलेटर म्हणजे काय? आजी-आजोबांसाठी चाकांचा वॉकर घेण्याआधी हे वाचा

आजोबांसाठी ऑनलाइन वॉकर शोधायला बसलात की बिनचाकी, दोन चाकी, चार चाकी, सीटवाला असे ढीगभर प्रकार दिसतात. सगळ्यात भारी दिसणारा ऑर्डर करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण चुकीचा वॉकर आधार द्यायच्या ऐवजी माणसाला पाडूही शकतो. म्हणून आधी फरक समजून घेऊया.

वॉकरचे प्रकार

बिनचाकी वॉकर: दर पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो. वेग कमी, पण सगळ्यात स्थिर.

दोन चाकी: पुढे चाकं, मागे रबरी बूच. पूर्ण उचलावा लागत नाही आणि सहसा पळतही नाही.

चार चाकी, म्हणजेच रोलेटर: याला हँडब्रेक असतात आणि बहुतेकांना बसायला सीट. स्वीडनच्या आयना विफाल्क यांनी १९७८ मध्ये तो तयार केला. त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता.

रोलेटर कोणासाठी?

ज्यांना चालता येतं, पण थोडा तोल जातो किंवा लवकर दम लागतो, त्यांच्यासाठी. ऑपरेशननंतर हातांवर जास्त भार टाकून चालायचं असेल तर रोलेटर नको, कारण भार पडला की चाकं पुढे पळतात. कोणता घ्यायचा हे फिजिओथेरपिस्टला विचारूनच ठरवा.

घरी आल्यावर काय करायचं?

१. उंची: आजोबांना रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात खाली सोडायला सांगा. हँडल मनगटाच्या घडीच्या उंचीला हवं. धरल्यावर कोपर किंचित वाकलेलं दिसेल.

२. ब्रेक: बहुतेक मॉडेलमध्ये लिव्हर वर ओढला की वेग कमी होतो, खाली दाबला की चाकं लॉक होतात.

३. बसताना: आधी लॉक, मग सीट पायांना मागून टेकेपर्यंत मागे सरकायचं, मगच बसायचं. सीटवर बसवून कोणाला ढकलू नका, ही व्हीलचेअर नाही.

घरातले धोके

ऑर्डरआधीच बाथरूमच्या दाराची रुंदी टेपने मोजा. उंबरठा, सुटं पायपुसणं, ओली फरशी यांकडे लक्ष द्या. आणि हो, जमिनीवर लोंबणारी तुमच्या चार्जरची वायरसुद्धा उचला!

ऑर्डर पाच मिनिटांत होते. ब्रेकची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. सुरुवातीचे काही दिवस आजोबांच्या बाजूने चाला.