पोपटात जीव असलेला व्हिलन

गेल्या शनिवारी आमचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव मोडला. मोडला म्हणजे काय, तर आमच्यातल्या एकाने आपले फासे थैलीत भरले, "तो मरणारच नसेल तर मी मारतोय कशाला?" एवढंच म्हणाला आणि बाईक काढून घरी गेला. दोन वर्षं जवळजवळ दर आठवड्याला माझ्या हॉलमध्ये बसणारा माणूस! चूक माझीच होती, ती पुढे सांगतो. पण रविवार सगळा मी या खेळातल्या परत परत येणाऱ्या व्हिलन मंडळींचा इतिहास चाळण्यात घालवला. म्हटलं, इतकी वर्षं लोक हे जमवतात कसं ते तरी बघू.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकजण गोष्ट चालवतो, तो डन्जन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेतात. आपण काय करणार ते तोंडाने सांगायचं, जमलं की नाही ते फासे ठरवतात. व्हिलन मास्टरचा. आणि इथेच गोची आहे. 'शोले'त गब्बर कधी हाती लागणार हे सलीम-जावेदनी ठरवलेलं असतं. इथे पहिल्याच भेटीत कुणाला तरी विसाचं दान पडतं आणि तुम्ही सहा महिने जपलेला गब्बर पाचव्या मिनिटाला आडवा.

गंमत म्हणजे अगदी सुरुवातीच्या गाजलेल्या व्हिलनपैकी एक मास्टरचा नव्हताच. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस-सेंट पॉल या जुळ्या शहरांत डेव्ह आर्नेसनने १९७१ च्या सुमारास 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ सुरू केला. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचं डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापून आलं १९७४ मध्ये, म्हणजे ही त्याच्या आधीची गोष्ट. ब्लॅकमूरमधला सर फँग हा व्हँपायर चक्क एका खेळाडूचं, डेव्हिड फँटचं पात्र होता. तो इतका वरचढ झाला की बाकीच्यांना आवरेना. मग त्याच्यावर उतारा म्हणून व्हँपायर सिनेमातल्या शिकाऱ्यांसारखा एक पाद्री आणला गेला, तो माइक कार खेळला. आजही या खेळात भुताखेतांना हुसकावून लावणारा जो 'क्लेरिक' असतो, त्याचं मूळ इथे आहे. विचार करा, एक व्हिलन पुन्हा पुन्हा छळतो म्हणून खेळात एक अख्खा पेशा जन्माला येतो! फँगला वाचवायला कुणी फासे झाकले नव्हते. फँट स्वतःच डोकं लढवत होता.

दुसरा वेक्ना. हे नाव तुम्ही 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या चौथ्या सीझनमध्ये (२०२२) ऐकलं असेल. मूळचा तो १९७६ च्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुस्तकातला, ब्रायन ब्लूमने रचलेला. जॅक व्हान्स या लेखकाच्या आडनावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून हे नाव बनवलंय. (या खेळातले मांत्रिक पूर्वी मंत्र पाठ करायचे आणि वापरला की विसरायचे, ती कल्पनाही व्हान्सच्या कथांमधली. परीक्षेच्या अभ्यासासारखीच.) पण १९७६ मध्ये वेक्ना होता कुठे? तो आधीच मेलेला! उरला होता फक्त त्याचा हात आणि डोळा. ते वापरायचे तर आपला हात तोडायचा, आपला डोळा काढायचा. 'वेक्ना लिव्ह्ज!' या साहसात तो स्वतः अवतरला १९९० मध्ये. मधली चौदा वर्षं लोकांनी नुसत्या हाता-डोळ्यावर काढली.

पण मला खरा शिकवून गेला तो स्ट्राड. ट्रेसी हिकमन एका डावात भुयारातल्या खोलीत शिरला तर समोर व्हँपायर. का? कशासाठी? काही नाही, पुस्तकात होता म्हणून ठेवलेला. घरी येऊन तो आणि त्याची बायको लॉरा यांनी ठरवलं की आपल्या व्हँपायरला कारण हवं. त्यातून १९८३ मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' आलं. स्ट्राड हा सरदार भावाच्या वाग्दत्त वधूवर भाळतो, लग्नाच्याच दिवशी भावाला मारतो आणि ती गडाच्या तटावरून उडी घेते. आता तो गडावर बसून तिच्यासारखी दिसणारी शोधतोय. त्याचं काय दडलंय आणि कुठे, हे त्या साहसात पत्ते मांडून ठरतं, त्यामुळे प्रत्येक टेबलावर डाव वेगळा. तो मध्येच येतो, तडाखा देतो आणि निघून जातो.

आणि निघून जातो तो नियमाने! व्हँपायरची ताकद शून्यावर आली की तो धुकं होतो, पण ठरलेल्या वेळेत त्याला आपल्या शवपेटीपाशी पोचावं लागतं. नाही पोचला तर संपला. म्हणजे खेळाडूंच्या हातात काम आहे: पेटी शोधा. आजीच्या गोष्टीतला राक्षस आठवतो? त्याचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा. राक्षसाला कितीही मारा, काही होत नाही, पण पोपट कुठेतरी *आहे*, आणि राजपुत्राला तो सापडू शकतो. स्ट्राड २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मध्येही खणखणीत उभा आहे, तो त्यामुळेच असं माझं मत.

आता माझं पाप. माझा व्हिलन होता एक दगाबाज प्रधान. दोन वर्षांत तो चारदा निसटला. एकदा चोरदरवाजा, एकदा मंत्र... यातलं आधी काही लिहिलेलं नव्हतं, ऐनवेळी सुचलेलं. सरळ हार्डकोड केला होता मी त्याला. गेल्या शनिवारी पाचवी भेट. त्याची ताकद १२० होती. पडद्याआड मी म्हणत राहिलो, "अजून उभा आहे." पण हा आमचा मित्र टेस्टिंगमधला. त्याने वहीत प्रत्येक घाव मांडला होता. वही माझ्यासमोर धरली: १४२. मी म्हटलं, "तरी उभा आहे." मग त्याने फासे भरले.

हिकमन दांपत्याच्या व्हँपायरला पेटी होती. माझ्या प्रधानाचा पोपट कुठेच नव्हता. तो माझ्या खिशात होता, आणि खिसा मी उघडणार नव्हतो.

काल रात्री त्याला फोन केला. म्हटलं, "प्रधान मेला. एकशे बेचाळीसला, तुझ्याच घावाने. बोटात अंगठी राहिलीये, ती कुणी काढायची ते तुम्ही ठरवा."

थोडा वेळ काही बोलला नाही. मग, "अंगठी काढू नका कुणी, मला बघू दे आधी."

"म्हणजे येतोयस शनिवारी?"

"रिलीज आहे रे. बघतो."