देशमुखी गेली, आडनांव उरलें

आडनांव ही वस्तु आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते कीं, तिचा अर्थ विचारण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. सुतार, सोनार, जोशी हीं नांवें आपला अर्थ आपणच सांगतात. परंतु देशमुख, देशपांडे, पाटील व कुळकर्णी या चार नांवांच्या पोटीं एका संपूर्ण राज्यव्यवस्थेचा इतिहास सांठविलेला आहे. आणि तो पाहावयाचा तर बुलढाणा जिल्ह्याइतकें सोयीचें स्थळ क्वचितच सांपडेल.

वऱ्हाड प्रांत 1596 सालीं अकबराच्या राज्यांत गेला. त्याच सुमारास अबुल फजल ‘ऐन-इ-अकबरी’ हा आपला फारसी ग्रंथ सिद्ध करीत होता. वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करितांना उत्तरेकडील वाचकांच्या सोयीसाठीं तो सांगतो कीं, या प्रांतीं चौधऱ्यास देशमुख, कानुगोस देशपांड्या, मुकादमास पाटील आणि पटवाऱ्यास कुळकर्णी म्हणतात. या सुभ्याच्या सरकारांत मेहकर हें एक होतें. तेंच मेहकर आज बुलढाणा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव आहे. तेव्हां हे चारही शब्द त्या काळीं आडनांवें नसून हुद्दे होते, याविषयीं संशय उरत नाहीं.

या हुद्द्यांची मांडणी मोठी नेटकी होती. येथें ‘देश’ म्हणजे परगणा. परगण्याचा प्रमुख तो देशमुख. गांवोगांवचा वसूल गोळा करणें, बंदोबस्त राखणें व प्रसंगीं शिबंदी घेऊन सरकारच्या मदतीस जाणें हें त्याचें काम. परगण्याचें दफ्तर देशपांड्याच्या हातीं. गांवांत हीच जोडी लहान प्रमाणावर पाटील आणि कुळकर्णी या रूपानें नांदत असे. ‘पाटील’ या शब्दाचें जुनें रूप ‘पट्टकिल’ कोरीव लेखांत आढळतें. कुळांचा हिशेब लिहिणारा तो कुळकर्णी. या कामाचा मोबदला मासिक वेतनानें मिळत नसे. इनाम जमीन, वसुलावरील रुसूम आणि मानपान मिळून ‘वतन’ होई. तें वंशपरंपरेनें चाले, भावाभावांत वांटलें जाई, आणि विकतांही येई. ज्या घरीं वतन त्या घरच्या प्रत्येक भाऊबंदास हुद्द्याचें नांव लागूं लागलें, मग प्रत्यक्ष कारभार एकच वडील शाखा कां पाहात असेना.

तथापि सर्वच वतनदारांनीं हुद्द्याचें आडनांव केलें असें मात्र नाहीं. सिंदखेडची देशमुखी लखुजी जाधवराव यांच्याकडे होती. त्यांची कन्या जिजाबाई हिचा जन्म तेथेंच 1598 मध्यें झाला, असें सामान्यतः मानितात. लखुजी व त्यांचे पुत्र यांचा 1629 सालीं दौलताबादेस निजामशहानें घात केला. त्यांची भव्य समाधि सिंदखेड राजा येथें अद्याप उभी आहे. या जिल्ह्यांतला हा सर्वांत नामांकित देशमुख, परंतु इतिहास त्यास ओळखतो तो जाधव या कुळाच्या नांवानें. ज्यांना कुळाचा अभिमान अधिक, त्यांनीं कुळ मिरविलें. इतरांस हुद्दाच अधिक मोलाचा वाटला.

म्हणूनच आडनांवावरून रक्ताचें नातें ठरवूं पाहणें धोक्याचें आहे. ‘लोकहितवादी’ गोपाळ हरि देशमुख हे चित्पावन ब्राह्मण. त्यांच्या घराण्याचें मूळ आडनांव सिधये. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या मंत्रिमंडळांत दोन देशमुख एकाच वेळीं होते: अर्थमंत्री चिंतामणराव हे कुलाबा जिल्ह्यांतील चांद्रसेनीय कायस्थ प्रभु, तर कृषिमंत्री पंजाबराव हे अमरावती जिल्ह्यांतील कुणबी मराठे. या तिघांना जोडणारा धागा पूर्वजांचा नव्हे, पूर्वजांच्या नोकरीचा आहे.

परदेशांतही हाच न्याय दिसतो. स्कॉटलंडांत राजाच्या घरचा कारभार पाहणाऱ्या वंशपरंपरागत अधिकाऱ्यास स्ट्युअर्ड म्हणत. बाराव्या शतकांत डेव्हिड राजानें हें पद वॉल्टर फिट्झॲलन यास दिलें, आणि पदाचें नांवच त्याच्या वंशजांचें आडनांव झालें. याच वंशांतील दुसऱ्या एका वॉल्टरनें 1315 मध्यें रॉबर्ट ब्रूस राजाची कन्या वरिली. त्यांचा पुत्र 1371 सालीं सिंहासनावर बसला. अशा रीतीनें ‘कारभारी’ हें नांव राजघराण्याचें झालें. म्हणून प्रत्येक स्ट्युअर्ट कांहीं राजवंशी ठरत नाहीं.

आमच्याकडे राजे वतनदारांस जपून असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रां’त या वर्गास सांभाळावें पण बळावूं देऊं नये, असा उपदेश आहे. मात्र त्यांची सत्ता वऱ्हाडांत शेवटीं निकालांत काढली ती इंग्रजी जमाबंदीनें. 1853 च्या तहानें निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला, आणि पुढें मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी बसली. सरकारचा संबंध थेट खातेदाराशीं जडला; मधल्या देशमुख-देशपांड्यांस काम उरलें नाहीं. गांवच्या महसुली पाटलाचें वंशपरंपरागत पद 1962 च्या कायद्यानें गेलें. काम गेलें, पण नांवाचें तेज ओसरलें नाहीं. उलट, वऱ्हाडांतील मराठ्यांत देशमुख ही सोयरिकीची एक वरची पायरी होऊन बसल्याची नोंद रसेल व हिरालाल यांनीं 1916 सालीं केली आहे. हुद्द्याची जबाबदारी संपल्यावरही त्याचा दिमाख किती काळ टिकतो, याचें याहून बोलकें उदाहरण कोणतें?

याची दुसरी बाजू अधिक विचार करण्याजोगी आहे. गांवगाड्यांत महारही वतनदारच होता. गांवची शीव तो दाखवी, सरकारी सांगावा पोंचवी, वसुलाच्या वेळीं राबे. पाटलाइतकीच त्याचीही सेवा वंशपरंपरेची. पण तिनें त्यास मान दिला नाहीं, वेठ मात्र दिली. या वतनाच्या जांचांतून सुटका व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनीं 1928 मध्यें मुंबई कायदेमंडळांत विधेयक आणिलें. मुंबई राज्यांत कनिष्ठ ग्रामवतनें रद्द होण्यास 1958 उजाडलें. एकाच व्यवस्थेनें एकाच्या नांवास प्रतिष्ठा चिकटविली आणि दुसऱ्याच्या नांवास अप्रतिष्ठा.

आडनांव बदलावें असें कोणी म्हणत नाहीं. तो इतिहासाचा एक कागदच आहे, आणि कागद जपून ठेवावा. मात्र तो वाचतांना हें ध्यानांत असावें कीं, त्यावर एका पूर्वजानें केलेल्या कामाची नोंद आहे, वंशजाच्या योग्यतेची नव्हे. ती ज्यानें त्यानें आपल्या कामानेंच लिहावयाची असते.