ठाण मांडून बसलेलं दुकान

जून उजाडला की वह्या घ्यायला जायचं आणि दुकानाच्या पाटीवरचं इंग्रजी तपासायचं, ही माझी जुनी खोड. 'स्टेशनरी'च्या स्पेलिंगमध्ये शेवटून तिसरं अक्षर 'ई' हवं. पाटीवर बऱ्याचदा 'ए' असतं. 'ई' असेल तर वह्या-पेनं, 'ए' असेल तर जागचं न हलणारं. म्हणजे पाटी सांगते, 'आमचं दुकान हलत नाही!' मी हसायचो. पण शब्दाचं कूळ कळलं आणि माझीच पंचाईत झाली.

दोन्ही शब्द एकाच घरचे. लॅटिनमध्ये 'स्तातिओ' म्हणजे उभं राहणं किंवा उभं राहायची जागा. आपला 'स्था' धातू याच गोतातला. शिलाहारांच्या लेखांतलं श्रीस्थानक म्हणजे आजचं ठाणे, तेव्हा 'ठाणे स्टेशन' म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो.

मध्ययुगीन युरोपात पुष्कळसा माल फेरीवाल्यांकडून घ्यायचा. बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डच्या विद्यापीठांपाशी मात्र पुस्तकवाला ठाण मांडून बसला. छपाई अजून यायची होती. त्याच्याकडे ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत असे, तीही न बांधलेली, सुट्या जुड्यांची. विद्यार्थी एक जुडी भाड्याने न्यायचा, उतरवून घ्यायचा, ती परत करून पुढची न्यायचा. त्यामुळे एकच ग्रंथ एकाच वेळी अनेकांना उतरवता येई. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा हा खापरपणजोबाच. पाठीवर गाठोडं घेऊन हिंडणाऱ्याला हा धंदा जमण्यातला नव्हता. जुडी परत करायला गिऱ्हाईक आलं तर दुकानदार जागेवर सापडायला नको? असा जागेवरचा म्हणून तो 'स्तातिओनारियुस', आणि इंग्रजीत 'स्टेशनर'.

लंडनमध्ये १४०३ साली या मंडळींचा संघ झाला. १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. मग छापायच्या पुस्तकांचे हक्क संघाच्या वहीत नोंदवले जाऊ लागले. शेक्सपियरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रहही त्या वहीत आहे. पुढे पुस्तकविक्रेते वेगळे झाले आणि स्टेशनरकडे कागद, शाई, पिसांच्या लेखण्या उरल्या. ग्रोसरची ग्रोसरी, तशी स्टेशनरची ती स्टेशनरी. विकणाऱ्याच्या नावातला 'ई' मालाच्या नावात उतरला तो असा. स्पेलिंग लक्षात ठेवायला एवढं पुरे.

म्हणजे 'ए' घालणारा पेंटर स्पेलिंगमध्ये चुकतो, पण नकळत शब्दाच्या मुळाशी जाऊन पोचतो. परीक्षेत त्याचे गुण कापावेच लागतील, पण मी आता हसत नाही. दुकानदारांना एवढंच सांगेन, की पाटी देवनागरीत ठळक रंगवा. तिथे दोन्ही 'स्टेशनरी' सारख्याच लिहितात.