कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला टर्बो: पेट्रोलचं सेटिंग चुकलं तर पिस्टन का जळतो?

प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, पहिल्या पिढीची मारुती 800. या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांना कधी ना कधी एक प्रश्न पडतोच: हिला टर्बो लावला तर? पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद जेमतेम 40 हॉर्सपॉवर. रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरपा मागे पडलं आणि आंबा घाट लागला की ही ताकद किती कमी आहे ते कळतं.

टर्बो बसवता येतो. खरा प्रश्न त्यानंतर येतो, तो म्हणजे पेट्रोल आणि हवेच्या प्रमाणाचा. ते चुकलं तर पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात.

रिच आणि लीन म्हणजे काय?

1 किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते. पेट्रोल यापेक्षा जास्त असेल तर मिश्रण 'रिच', कमी असेल तर 'लीन'. रिच गाडी काळा धूर सोडते, प्लगवर काजळी धरते आणि अ‍ॅव्हरेज पाडते. लीन गाडी पिकअपला अडखळते आणि गरम होते.

साध्या इंजिनात पूर्ण ताकदीसाठी 12.5 ते 13 प्रमाण चालतं. टर्बो दाब देत असताना मात्र ते 11.5 ते 12 ठेवतात. जादा पेट्रोलाचं बाष्प होताना ते उष्णता शोषून घेतं आणि सिलिंडर थंड राहतो. पेट्रोल कमी पडलं तर ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. टर्बोच्या दाबाखाली हे धक्के पिस्टन फोडू शकतात.

कार्ब्युरेटर कुठे फसतो?

कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. गंमत अशी की त्याला हवेचा वेग चांगला कळतो, वजन पुरतं कळत नाही. हवेची घनता दीडपट झाली तर पेट्रोलही दीडपट हवं. प्रत्यक्षात ते घनतेच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं, म्हणजे जेमतेम सव्वापट. दाब चढतो तसं मिश्रण लीन होत जातं, तेही नेमकं नको त्या वेळी.

घाटात याच नियमाची उलटी बाजू दिसते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंच आहे. तिथली हवा रत्नागिरीपेक्षा साधारण 5 टक्के विरळ असते, त्यामुळे रत्नागिरीत सेट केलेली गाडी तिथे 2-3 टक्के रिच होते. हे तसं निरुपद्रवी. पण कोल्हापुरात सेट केलेली टर्बो गाडी खाली किनाऱ्यावर आणली तर ती लीन होते. थंडीतल्या पहाटेही हवा दाट असते. म्हणून सेटिंग नेहमी सर्वांत दाट हवेचा विचार करून, थोडं रिचकडे झुकतं ठेवतात.

टर्बो कार्ब्युरेटरच्या आधी की नंतर?

1962 च्या शेवरले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडरमध्ये टर्बो कार्ब्युरेटरच्या पुढे होता आणि पेट्रोलमिश्रित हवा ओढून घ्यायचा. यात पेट्रोलाचं माप बरोबर राहतं, पण मधल्या लांब नळीत पेट्रोल साचतं. 1980 च्या लोटस एस्प्रिट टर्बोत उलट रचना होती: टर्बो दाबलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये ढकलायचा. यात पिकअप चांगला मिळतो, पण वरची लीन होण्याची अडचण इथेच येते.

1962 च्याच ओल्ड्समोबिल जेटफायरने नॉकिंग टाळायला पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी दिली होती. अनेक मालक ती भरायला विसरायचे. दोन वर्षांत ते मॉडेल बंद झालं.

सेटिंगचा क्रम काय?

1. आधी बाकीचं तपासा: टायमिंग, प्लग, व्हॉल्व्हचं सेटिंग, फ्लोटची पातळी, मॅनिफोल्डची गळती. गळकी गाडी कार्ब्युरेटरने दुरुस्त होत नाही.

2. पेट्रोलाचा दाब: टर्बोची हवा फ्लोट चेंबरमध्येही दाब निर्माण करते. त्यामुळे पेट्रोलाचा दाब टर्बोच्या दाबापेक्षा कायम 0.2 ते 0.3 बार जास्त हवा. जुना मेकॅनिकल पंप इथे कमी पडतो. इलेक्ट्रिक पंप आणि टर्बोच्या दाबाबरोबर वाढणारा रेग्युलेटर लागतो.

3. स्लो: इंजिन गरम झाल्यावर मिक्श्चर स्क्रू हळूहळू फिरवून आरपीएम सर्वांत जास्त आणि स्थिर असेल तिथे थांबा.

4. मेन जेट: मोठ्या जेटपासून सुरुवात करून लहानाकडे या, उलट नाही. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावल्याशिवाय दाबाखाली चाचणी घेऊ नका. ही चाचणी हायवेवर नको, डायनोवर घ्या.

ई20 मुळे काय बदललं?

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे ई20 साठी आदर्श प्रमाण 14.7 नसून साधारण 13.5 आहे. शुद्ध पेट्रोलसाठी बसवलेला जेट ई20 वर लीन पडतो. 120 नंबरच्या जागी 125 चा जेट घातला तर छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे 8.5 टक्क्यांनी वाढतं आणि फरक जवळपास भरून निघतो. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने नॉकिंगला थोडा आळा बसतो, पण लीन सेटिंगची भरपाई त्याने होत नाही.

मीटर वाचतानाही सावध राहा. वाइडबँड मीटर बहुधा पेट्रोलच्या पट्टीवर आकडे दाखवतं. म्हणून 'लॅम्डा' बघणं सोपं. दाबाखाली ते 0.78 ते 0.82 दरम्यान हवं, इंधन कोणतंही असो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार, नोंदणीतले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असे बदल करता येत नाहीत. त्यामुळे काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करा. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेची विंटेज नोंदणी मिळते, पण त्यासाठी इंजिन मूळ स्वरूपात असावं लागतं. टर्बो लावला तर ही संधी हातची जाऊ शकते.

रस्त्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा: चढावर इंजिनातून खडखड ऐकू आली की अ‍ॅक्सिलरेटर लगेच सोडा. वरचा गिअर असेल तर खालचा टाका, आणि कारण सापडेपर्यंत टर्बोला दाब चढू देऊ नका.